परमिट जुन्या विमानाचं, उड्डाण नव्या विमानाचं

पत्र

ताई, मी एका छोट्या कंपनीत ऑपरेशन्स बघते. दोन बिझनेस जेट, पाच पायलट, आणि डेस्कवर मी आणि एक मदतनीस. गेल्या महिन्यात एका विमानात संध्याकाळी बिघाड निघाला आणि रात्रीच्या उड्डाणाला दुसरं विमान लावायचं ठरलं. मी सकाळी सहापासून डेस्कवरच होते. फ्लाइट प्लॅन बदलला, विमानतळावरची आपली कामं बघणाऱ्या हँडलरला कळवलं, इंधन, गाड्या, हॉटेल सगळं केलं. वाटेत तीन देशांची ओव्हरफ्लाइट परमिटं, म्हणजे त्यांच्या आकाशातून जायच्या परवानग्या, होती. दोन नव्या विमानाच्या नावावर करून घेतली, तिसरं राहिलं. हद्दीवर कंट्रोलरने परमिट नंबर विचारला आणि 'हे विमान यात नाही' म्हणून आत घेतलं नाही. विमान माघारी आलं, प्रवाशांची मीटिंग बुडाली, कॅप्टन सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलले. आता मालकांनी १४० मुद्द्यांची चेकलिस्ट करायला सांगितलीय. पण खरं सांगू का, त्या दिवशीही चेकलिस्ट होतीच, आणि त्यात परमिटसमोर टिकही होती. पुढच्या आठवड्यात युरोपातून अटलांटिक ओलांडून अमेरिकेला जायचंय. दोन पाहुणे मागाहून वाढलेत, पण दोघांचे पासपोर्ट युरोपातले आहेत आणि ईएसटीए, म्हणजे व्हिसाशिवाय अमेरिकेला जायची ऑनलाइन परवानगी, झालंय, त्यामुळे निदान तेवढी तरी काळजी नाही. बाकी मात्र रात्री झोप लागत नाही. हे काम माझ्याच्याने होणारं नाही का?

— एक डिस्पॅचर

उत्तर

काम तुमच्याच्याने होणारं आहे. नसतं, तर चेकलिस्टवरच्या त्या टिकेचा उल्लेख तुम्ही पत्रात केलाच नसता, कॅप्टनच्या रागावरच चार पानं लिहिली असती.

त्या टिकेपासूनच सुरुवात करू. ती खोटी नव्हती. तुम्ही केली तेव्हा परमिट हातात होतं, विमान तेच होतं, सगळं जागच्या जागी होतं. संध्याकाळी विमान बदललं आणि टिक तिथेच राहिली. कागदावरच्या टिकेला काय कळणार की आपल्याखालचं विमानच बदललंय! परदेशी उड्डाणांतल्या टाळता येण्याजोग्या चुका मी बऱ्याच पाहिल्या, त्यातल्या काही माझ्या स्वतःच्या. त्यांतल्या फार थोड्या अज्ञानातून झालेल्या होत्या. बहुतेक वेळा मूळ बेत उत्तम आखलेला असे. मग बेत बदले, आणि बदल दहा ठिकाणी पोचे, अकराव्या ठिकाणी पोचत नसे.

म्हणून १४० मुद्द्यांच्या यादीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: एक ना धड, भाराभर चिंध्या. तुमच्या यादीत मुद्दे कमी नव्हते. एखादी गोष्ट बदलली की कुठल्या टिका खोडायच्या, हे त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. १४० मुद्दे झाले तर टिका तेवढ्या वाढतील, खोडायचं काय ते तसंच अधांतरी राहील.

त्याऐवजी एक साधा कागद करा. ट्रिप आखताना आपण काय 'केलं' ते आपण लिहितो. या कागदावर आपण कुणाला काय 'सांगितलं' ते लिहायचं. वर पाच रकाने: विमान, वेळ, मार्ग, माणसं आणि उड्डाणाचं स्वरूप. स्वरूप म्हणजे खासगी की भाड्याचं. मग प्रत्येक रकान्याखाली, ती गोष्ट ज्यांना ज्यांना कळवली त्यांची नावं. 'विमान' या रकान्यात काय काय येईल बघा: प्रत्येक देशाचं ओव्हरफ्लाइट आणि लँडिंग परमिट, विमानतळाचा स्लॉट (उतरायची-निघायची ठरलेली वेळ), दोन्ही टोकांचे हँडलर, कस्टम्सला गेलेली यादी, इंधनाची ऑर्डर, विम्याचं प्रमाणपत्र, क्रूच्या हातातली फाइल. विमान बदललं की तो रकाना वरून खाली घ्यायचा आणि प्रत्येक नावापुढे नव्याने खूण करायची. तुमच्या त्या संध्याकाळी या रकान्यात तीन देश एकाखाली एक दिसले असते. दोनांपुढे खूण, तिसऱ्यापुढे रिकामी जागा. डोक्यात ठेवलेली गोष्ट निसटते, रिकामी जागा डोळ्यांत खुपते.

परमिटाबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण अनेकांना ती नुसती औपचारिकता वाटते. आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीच्या १९४४च्या शिकागो कराराचं पहिलंच कलम सांगतं की प्रत्येक देशाचा आपल्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण आणि एकट्याचा हक्क आहे. करारातल्या देशांच्या, ठरलेल्या वेळापत्रकात नसलेल्या उड्डाणांना पाचव्या कलमात बरीच मोकळीक दिसते, पण प्रत्यक्षात अनेक देश आधी परवानगी मागतात, आणि ती ठरावीक विमानाला, ठरावीक मार्गाला, ठरावीक काळापुरतीच देतात. कुठे दोन-तीन दिवसांची सवलत असते, कुठे काही तासांची. हद्दीत शिरायचा आणि बाहेर पडायचा बिंदूही बहुधा परमिटात लिहिलेला असतो. वादळ टाळायला मार्ग शंभर मैल सरकवला आणि प्रवेशबिंदू बदलला, तर हातातलं परमिट कोऱ्या कागदाच्या लायकीचं राहण्याची शक्यता आहे. तारखेचा घोळ तर इतका जुना आहे की त्यावर हसायलाही येत नाही. परमिट यूटीसीत, म्हणजे जगभर एकच धरल्या जाणाऱ्या वेळेत मागायचं असतं, प्रवासी स्थानिक वेळेत बोलतात, आणि रात्री साडेअकराचं उड्डाण यूटीसीत कधी त्याच दिवशी पडतं, कधी दुसऱ्या. तुमच्या कागदावर वेळ लिहाल तेव्हा यूटीसी तारखेसकटच लिहा. स्थानिक वेळ हवी तर बाजूला कंसात.

शिवाय विमान बदललं की नुसता नंबर बदलत नाही, विमानाची कुवतही बदलते. पुढच्या आठवड्यासाठी हे नीट बघा. उत्तर अटलांटिकवर फ्लाइट लेव्हल २९० ते ४१० (म्हणजे साधारण २९ ते ४१ हजार फूट) या पट्ट्यात डेटालिंक, म्हणजे कंट्रोलरशी लेखी संदेशांनी बोलायची यंत्रणा लागते. तुमच्या दोन विमानांपैकी एकात ती नसेल किंवा त्या दिवशी बंद असेल, तर ऐनवेळी विमान बदलणं म्हणजे अख्खा मार्ग, उंची आणि इंधनाचं गणित बदलणं. फ्लाइट प्लॅनच्या दहाव्या रकान्यातली उपकरणांची अक्षरं जुन्या विमानाचीच राहून गेली, तर आपल्याकडे नसलेली गोष्ट आहे असं आपण जगाला सांगितलेलं असतं. दोन्ही विमानांचं एकेक पान आजच करून ठेवा: उपकरणं, लाइफराफ्ट, आवाजाचं प्रमाणपत्र, ते विमान उडवायचं रेटिंग (अधिकृत पात्रता) असलेले पायलट कोणते. बिघाड निघाल्यावर संध्याकाळी सात वाजता ते शोधायला लागू नये.

बदल पोचला नाही की काय होतं, याचं सगळ्यात भयानक उदाहरण बिझनेस जेटच्याच दुनियेतलं आहे. २९ सप्टेंबर २००६. एम्ब्राएरचं कोरं लेगसी ६०० ब्राझीलमधल्या साओ जोसे दोस काम्पोसहून मानाउसला आणि तिथून पुढे अमेरिकेला निघालेलं. फ्लाइट प्लॅनमध्ये तीन उंच्या होत्या: ब्राझिलियापर्यंत फ्लाइट लेव्हल ३७०, पुढे ३६०, त्याच्याही पुढे ३८०. निघण्यापूर्वी कंट्रोलरकडून मिळालेल्या क्लिअरन्समध्ये (परवानगीत) मात्र एकच आकडा आला, ३७०, आणि क्रूला तो थेट मानाउसपर्यंतचा वाटला. ब्राझिलिया मागे पडलं, विमान ३७०वरच राहिलं. त्याच वाटेवर समोरून ३७०वरच गोल एअरलाइन्सचं बोइंग ७३७ येत होतं. त्यात लेगसीचा ट्रान्सपॉन्डर, म्हणजे विमानाची ओळख आणि उंची रडारला कळवणारं यंत्र, बंद झालेला, आणि जवळपास तासभर ते ना कॉकपिटमध्ये कुणाच्या लक्षात आलं, ना जमिनीवर त्याची नीट दखल घेतली गेली. अॅमेझॉनच्या जंगलावर दोन्ही विमानं एकमेकांना घासली. बोइंगमधले सगळे १५४ जण गेले. लेगसी एका लष्करी तळावर उतरलं, त्यातले सातही जण वाचले. चौकशीत कंट्रोलर आणि क्रू दोन्हीकडच्या त्रुटी पुढे आल्या.

मला त्यातली एकच गोष्ट सतत टोचते. कागदावर तीन आकडे होते, कानावर एक पडला, आणि 'बाकीचे दोन कुठे गेले?' हे कुणी विचारलं नाही. विचारायला काही सेकंद लागले असते.

अटलांटिकवर याचंच सौम्य रूप नेहमी दिसतं. क्रूने प्लॅनमधला मार्ग एफएमएसमध्ये, म्हणजे विमानातल्या मार्ग सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये भरलेला असतो, मग कंट्रोलर थोडा वेगळा मार्ग देतो, तो वाचून परत सांगितला जातो, आणि एफएमएसमध्ये एखादा बिंदू जुनाच राहतो. त्यात अर्ध्या अंशाच्या बिंदूंची भर. ५२५०एन म्हणजे ५२ अंश उत्तर, ५० अंश पश्चिम. एन५२५० म्हणजे ५२ अंश ३० मिनिटं उत्तर, ५० अंश पश्चिम. अक्षराने नुसती जागा बदलली की विमान ३० नॉटिकल मैल सरकलं! म्हणून बिंदूचं नाव वाचून भागत नाही. एकाने कागदावरचे पूर्ण अक्षांश-रेखांश मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने एफएमएसमधला बिंदू उघडून ताडायचे, शिवाय दोन बिंदूंमधली दिशा आणि अंतरही. बिंदू ओलांडल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा जागा तपासायची. हे काम पायलटांचं, पण तुमचाही त्यात हात आहे. सुधारित फ्लाइट प्लॅन पाठवताना त्यावर ठळक 'आवृत्ती २' लिहा, काय बदललं ते पहिल्या ओळीत सांगा आणि आवृत्ती १ फेकून दिल्याचं कॅप्टनकडून कळवून घ्या. कॉकपिटमध्ये एकाच ट्रिपचे दोन प्लॅन फिरत असले तर चुकीचा नेमका हाताशी असतो.

आता तपासणीबद्दल. तुमच्या मदतनिसाला त्या संध्याकाळी तुम्ही 'परमिटं झाली ना?' असं विचारलं असेल, आणि त्याने 'हो' म्हटलं असेल. मीही वर्षानुवर्षं असंच विचारायचे. ज्या प्रश्नाला 'हो' म्हणून मोकळं होता येतं, त्याने काहीच तपासलं जात नाही. त्याला सांगा, 'वाचून दाखव.' देश, परमिट नंबर, विमानाचा नंबर, यूटीसी तारीख. तुम्ही समोर फ्लाइट प्लॅन धरा आणि ऐका. तीन देशांना तीन मिनिटं लागत नाहीत. हेच कॅप्टनसोबतही निघण्यापूर्वी फोनवर करा. तुमचे कॅप्टन जे बोलले ते सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, यात वाद नाही. पण विमान उडवण्याआधी परमिटावरचा नंबर आपल्याच विमानाचा आहे का, हे बघणं त्यांचंही काम होतं. त्यांना हे सुनावू नका. 'सर, यापुढे निघण्याआधी आपण परमिटं एकदा एकत्र वाचू या,' एवढंच म्हणा. शहाणे असतील तर उरलेलं त्यांना कळेल.

'आमचे पायलट फार अनुभवी आहेत,' असं मालक म्हणतील. म्हणू द्या. ३१ मे २०१४ ला अमेरिकेत बेडफर्डला एक गल्फस्ट्रीम ४ धावपट्टीच्या पुढे जाऊन जळालं, सातही जण गेले. कंट्रोल अडकवून ठेवणारा गस्ट लॉक काढायचा राहिला होता. दोन्ही पायलट अनुभवी, वर्षानुवर्षं एकत्र उडणारे. तपासात निघालं की त्याआधीच्या १७५ टेक-ऑफपैकी ९८ टक्के वेळा त्यांनी फ्लाइट कंट्रोलची पूर्ण तपासणी केलेलीच नव्हती. ती एक कंपनी म्हणून सोडून द्यावं, तर नंतर बिझनेस जेटच्या १ लाख ४३ हजारांहून अधिक उड्डाणांची माहिती तपासली गेली आणि सुमारे १८ टक्के उड्डाणांत ही तपासणी अर्धवट होती किंवा झालीच नव्हती. एकमेकांवर गाढ विश्वास असलेली माणसं एकमेकांना वाचून दाखवायला सांगत नाहीत, संकोच वाटतो. तुमच्या डेस्कवर दोघंच आहात, तेव्हा हा संकोच आताच मोडा.

थकव्याकडे तुम्ही एका ओळीत बघितलंत, 'सकाळी सहापासून डेस्कवरच होते.' मी तिथे थांबले. पायलटांच्या कामाचे तास मोजले जातात, लहान कंपनीत डेस्कवरच्या माणसाचे कोण मोजतं? ४ जानेवारी २००२ ला इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमहून अमेरिकेला निघालेलं चॅलेंजर ६०४ टेक-ऑफलाच कोसळलं, पाच जण गेले. पंखांवर दंव होतं, आणि ते काढून घेतलं गेलं नव्हतं. दंवाचा धोका क्रूला माहीत नव्हता असं कोण म्हणेल? तपासकर्त्यांनी जेटलॅग, थकवा आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणारं एक औषध यांनी मिळून क्रूच्या विचारशक्तीवर परिणाम केला असण्याची शक्यता नोंदवली. दमलेल्या माणसाला आपण दमलोय हेच नीट कळत नाही. बारा तास झाले की बदलाचा कागद तुम्ही भरायचा नाही. मदतनिसाने भरायचा आणि तुम्ही ऐकायचं, किंवा उलट. दोघंही दमलेले असाल तर उड्डाण सकाळी.

हे शेवटचं वाक्य मालकांना आवडणार नाही. म्हणून ते शांत वेळी ठरवून घ्या, बिघाड निघाल्यावर रात्री भांडू नका. त्यांना सांगा: निघण्याच्या अमुक तास आधी ट्रिप गोठवायची. त्यानंतर विमान, मार्ग किंवा माणसं बदलली, तर निघायची वेळ निदान इतकी पुढे जाईल. किती तास ते तुमच्या नेहमीच्या देशांवर ठरेल. काही ठिकाणची परमिट कार्यालयं रात्री फोन उचलतात, काही ठिकाणची साप्ताहिक सुटीत बंद असतात, आणि सुटीचे वार सगळीकडे शनिवार-रविवार नसतात. गेल्या महिन्यातल्या त्या माघारीचं इंधन, हँडलिंग, हॉटेल असा सगळा हिशेब एका कागदावर मांडून घेऊन जा. आकडा पाहिल्यावर दोन तासांचा उशीर मालकांना स्वस्त वाटू लागतो, हा माझा अनुभव.

पुढच्या ट्रिपच्या बाकीच्या गोष्टी भरभर सांगते. विमानाचं नोंदणी आणि उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र, रेडिओ परवाना, क्रूचे परवाने हे विमानात असलेच पाहिजेत, शिकागो कराराच्या २९व्या कलमात ते आहे. युरोपात विमान उभं असतं त्या रॅम्पवरचे तपासनीस मूळ प्रती मागतात, फोनमधला फोटो दाखवून चालेल असं धरून चालू नका. उंचीमापकात लावायचा हवेचा दाब युरोपातून निघताना हेक्टोपास्कलमध्ये सांगतात, अमेरिकेत उतरताना पाऱ्याच्या इंचांत. कंट्रोलरने 'नाइन नाइन टू' म्हटलं आणि कुणी २९.९२ लावलं, तर विमान उंचीमापकावर दिसतं त्याहून सुमारे ६०० फूट खाली असतं. ९९२ हेक्टोपास्कल म्हणजे २९.२९ इंच. हे तुमचे पायलट जाणतात, तरी क्रूच्या फाइलवर एक ओळ असू द्या. अमेरिकेच्या कस्टम्सला प्रवाशांची यादी ईएपिसवर, म्हणजे त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवर, निघण्याच्या किमान ६० मिनिटं आधी जावी लागते. यादी पाठवल्यावर एखादा माणूस वाढला किंवा गळला की ती सुधारायची, आणि नावं पासपोर्टात आहेत तश्शीच, लाडाची नावं नकोत.

आणि माणसं म्हटल्यावर तुमचे ते दोन पाहुणे. सगळ्या पत्रात मला दचकवलं ते याच वाक्याने, कारण त्यापुढे तुम्ही काळजी नाही म्हटलंय. ईएसटीएवर व्हिसाशिवाय अमेरिकेत विमानाने जायचं, तर ते विमान अमेरिकी सरकारशी तसा करार केलेल्या कंपनीचं असावं लागतं. मोठ्या एअरलाइन्सनी तो केलेला असतो, म्हणून नेहमीच्या प्रवाशाला त्याचा पत्ताही नसतो. खासगी जेटच्या कंपन्यांनी बहुधा केलेला नसतो, आणि मग त्याच माणसाला, त्याच पासपोर्टवर, त्याच ईएसटीएसकट व्हिसा लागतो. तुमच्या कंपनीचा असा करार आहे का, हे हँडलरला विचारून भागवू नका, मालकांकडून कागद मागवा. कागद नसेल तर एका आठवड्यात व्हिसा मिळण्याची आशा धरू नका. त्या दोघांची एअरलाइनची तिकिटं काढा, आपल्या जेटच्या आधी पोचतील अशी, आणि तिथून पुढे हवं तर आपल्या गाडीतून न्या. हे पत्र बाजूला ठेवा आणि आधी तो फोन करा.